बॅटरीची घरगुती साफसफाई : एका सूचनापत्रकाचे परीक्षण

छत्रपती संभाजीनगरातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणारे आमचे एक स्नेही मागच्या उन्हाळ्यात एक कागद घेऊन आमच्याकडे आले. ‘मोटारीची बॅटरी घरच्या घरी स्वच्छ करा’ असा त्याचा मथळा होता. नववीतल्या एका विद्यार्थ्याने मोबाइलवरील चित्रफिती आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्या यांतून वेचून अकरा सूचना सुवाच्य अक्षरात उतरवल्या होत्या. शाळेच्या फलकावर ‘दैनंदिन जीवनातील विज्ञान’ या सदरात तो कागद लागणार होता. लावण्यापूर्वी एकदा करून पाहावे म्हणून आमच्या स्नेह्यांनी रविवारी सकाळी स्वतःच्या गाडीचे बॉनेट उघडले.

तिसरी सूचना होती : बुचे काढून आतील पाण्याची पातळी पाहावी. त्यांनी पाहिली. पाचवी सूचना होती : खाण्याचा सोडा पाण्यात कालवून बॅटरीवर ओतावा व ब्रशाने घासावे. त्यांनी ओतला. चौथ्या सूचनेत, किंवा इतर कोणत्याही सूचनेत, बुचे परत लावा असे लिहिलेले नव्हते. सोड्याचे पाणी दोन घरांत शिरले, फसफसून फेस वर आला आणि त्याबरोबर आम्लाचे शिंतोडे उडाले. ते चष्म्याच्या काचेवर आणि गालावर पडले. चष्मा वाचनापुरता नव्हता, कायमचा होता, म्हणून डोळे बचावले. गाल धुवायला ते नळाकडे धावले तर नळ कोरडा. त्यांच्या भागातला पाण्याचा दिवस परवाचा होता. शेवटी कूलरच्या टाकीतले पाणी तांब्याने घेऊन त्यांनी तोंड धुतले. त्यांनी तो कागद आमच्यापुढे ठेवला आणि विचारले, “यात चूक नेमकी कोणती?”

परीक्षण पुस्तकाचे करतात, नाटकाचे करतात. सूचनापत्रकाचे कोणी करत नाही. पण आज आपल्या विद्यार्थ्यांच्या वाचनात असे कागद पुस्तकांपेक्षा जास्त येतात, आणि पुस्तक वाचून कोणाच्या गालावर आम्ल उडत नाही. म्हणून आम्ही तो कागद एखादा शोधनिबंध तपासावा तसा तपासला.

प्रथम हे सांगितले पाहिजे की कागद टाकाऊ नाही. इंजिन बंद करा, जागा मोकळ्या हवेची निवडा, रबरी हातमोजे घाला, बॅटरीजवळ काडी ओढू नका, हे सारे त्यात आहे आणि बरोबर आहे. अकरांपैकी निम्म्याहून अधिक सूचनांना आम्ही पूर्ण गुण देऊ. दोष असा की बरोबर सूचना, अर्धवट सूचना आणि चुकीची सूचना तिन्ही एकाच सुरात, एकाच अक्षरात, एकाखाली एक बसल्या आहेत. एकाही सूचनेपुढे ‘का’ हे लिहिलेले नाही. त्यामुळे आमच्या स्नेह्यांसारख्या विज्ञानाच्या पदवीधरालाही त्या वेगळ्या करता आल्या नाहीत. या शहरात ही गोष्ट क्षुल्लक नाही. वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, २००१ साली शेंद्र्याला स्कोडा गाड्यांची जुळणी सुरू झाली. यंत्रावर बसलेले हात घरोघरी आहेत आणि रविवारी सकाळी अंगणात पाना घेऊन बसणारे गृहस्थ कोणत्याही गल्लीत दिसतात.

तर त्या पेटीत असते काय? फ्रान्समधील गॅस्तों प्लाँते याने १८५९ साली शिशाचे दोन पत्रे मध्ये पट्ट्या ठेवून गुंडाळले, विरल सल्फ्युरिक आम्लात बुडवले आणि पुन्हा पुन्हा भारित करता येणारा पहिला विद्युतघट तयार केला. १८८१ साली कामीय फोर याने शिशाच्या ऑक्साइडाचा लेप पत्र्यावर देण्याची युक्ती काढली. पुढच्याच वर्षी ग्लॅडस्टन आणि ट्राइब या दोघा इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी आत काय घडते ते मांडले : वीज देताना धन पट्टीवरचा शिशाचा डायऑक्साइड आणि ऋण पट्टीवरचे शिसे, दोन्हींचे लेड सल्फेट होते, त्यासाठी द्रवातले आम्ल खर्ची पडते आणि पाणी तयार होते. भारित करताना सारे उलट. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि हँडल मारण्याचे कष्ट संपले, तशी ही आम्लाची पेटी बॉनेटखाली कायमची मुक्कामाला आली. साधारण २.१ व्होल्टची सहा घरे, मिळून १२.६ व्होल्ट. पूर्ण भारित बॅटरीतील द्रवाचे विशिष्ट गुरुत्व १.२६ ते १.२८ च्या आसपास, म्हणजे वजनाने सुमारे ३५ ते ३७ टक्के आम्ल. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

आता टर्मिनलवर जमणारे किटण. कागदात त्याला नुसते ‘गंज’ म्हटले आहे. गंज लोखंडाचा, हा वेगळा पदार्थ आहे. आम्लाचा सूक्ष्म तुषार बुचांतून आणि टर्मिनलच्या सांध्यातून बाहेर येतो. शिशाच्या टर्मिनलशी त्याची क्रिया होऊन पांढरे लेड सल्फेट बनते, आणि तांब्याच्या तारेशी होऊन निळे-हिरवे कॉपर सल्फेट. हेच आपले मोरचूद. बोर्डो मिश्रण करणारा द्राक्षबागायतदार हा रंग लांबून ओळखेल. विद्यार्थ्यांना उघड्या बॉनेटपुढे दोन हात लांब उभे करून एवढेच विचारावे : पांढरे कोणाचे, निळे कोणाचे? धड्यातली दोन समीकरणे तिथेच सुटतात.

या किटणाने गाडी का अडते, हाही प्रश्न कागदाने घेतलेला नाही. समजा किटणामुळे ०.०५ ओहम इतका क्षुल्लक रोध वाढला. दिव्यांना १० अँपियर लागतात. ओहमच्या नियमाने अर्धा व्होल्ट वाया गेला, दिवा किंचित मंद झाला, कोणाच्या लक्षातही आले नाही. स्टार्टरला मात्र १५० अँपियर हवे असतात. तेवढा प्रवाह या रोधातून जायचा तर साडेसात व्होल्ट तिथेच खर्च व्हायला हवेत, आणि बॅटरी आहे बारा व्होल्टची. स्टार्टरला त्याचा प्रवाह मिळतच नाही. हॉर्न वाजतो, दिवे लागतात, गाडी मात्र सुरू होत नाही, आणि मालक बॅटरी गेली असे समजून नवी आणतो. दहा मिनिटांच्या सफाईने काही हजार रुपये वाचतात ते असे.

दुसरी सूचना सांगते की ऋण टर्मिनलची तार आधी काढावी, जोडताना शेवटी जोडावी. बहुतेक गाड्यांना हे लागू पडते. पण कारण पाहा. गाडीचा सांगाडा बॅटरीच्या एका टोकाला जोडलेला असतो. आपण दुसरे टोक सोडवताना पाना चुकून सांगाड्याला टेकला, तर पान्यातूनच मंडल पूर्ण होते आणि शेकडो अँपियर वाहतात. पाना लाल होतो, ठिणग्या उडतात, बॅटरी फुटूही शकते. सांगाड्याचे टोक आधी सोडवले की पाना टेकला तरी मंडल अपुरे राहते. म्हणजे खरा नियम ‘ऋण आधी’ असा नसून ‘सांगाड्याला जोडलेले आधी’ असा आहे. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या अनेक गाड्यांत आणि ट्रॅक्टरांत धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. एखाद्या जुन्या गाडीच्या हौशी मालकाने हा कागद प्रमाण मानला तर नियम पाळूनच त्याचा हात भाजेल. याच कारणासाठी अंगठी, धातूचा घड्याळपट्टा, बांगड्या, गळ्यातली साखळी काढून ठेवावी. कागदात ते नाही, कारण कारणच नाही.

पाचव्या सूचनेकडे, म्हणजे सोड्याकडे येऊ. सूचना मुळात उत्तम आहे. खाण्याचा सोडा आम्लाला मारतो, सोडियम सल्फेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो, आणि फेस दिसेनासा झाला की त्या जागचे आम्ल संपले असे डोळ्यांनीच कळते. प्रयोगशाळेतल्या अनुमापनाचा अंतिम बिंदू याहून सुबक नसतो. पेलाभर पाण्यात एक मोठा चमचा सोडा पुरतो. लेड सल्फेट सोड्यात विरघळत नाही, ते ब्रशानेच निघते. सोडा फक्त आम्लाची काळजी घेतो. पण हीच क्रिया पेटीच्या आत घडली तर? हिशेब करू. १६८ ग्रॅम सोडा ९८ ग्रॅम आम्ल संपवतो, म्हणजे ५ ग्रॅमचा लहान चमचा सुमारे ३ ग्रॅम आम्ल संपवील. मोटारीच्या बॅटरीच्या एका घरात समजा अर्धा लिटर द्रव आहे. त्यात सव्वादोनशे ग्रॅमच्या वर आम्ल असते. एका चमच्याने बॅटरी मरत नाही. काही गॅरेजांत सोड्याची जी दहशत दिसते ती अतिशयोक्त आहे. खरी भीती फेसाची आहे : अरुंद भोकात वायू उसळतो आणि आम्ल घेऊन वर येतो. शिवाय गेलेले आम्ल परत येत नाही आणि सोडियमचे क्षार कायमचे आत राहतात. सूचना एका वाक्याने पूर्ण झाली असती : बुचे घट्ट लावा, त्यांची हवेची छिद्रे ओल्या फडक्याने झाका, मगच सोड्याला हात लावा, आणि काम होताच फडके काढा, कारण ती छिद्रे वायू बाहेर जाण्यासाठीच आहेत. खाण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा यांतला फरकही स्पष्ट लिहायला हवा. घरात नळीचा तुंबारा काढायला आणलेला कॉस्टिक सोडा डोळ्याला आम्लाहूनही अधिक घातक ठरू शकतो.

त्यानंतरची सूचना कोला पेयाची. सोडा नसल्यास बाटलीभर कोला ओतावा, असे विद्यार्थ्याने लिहिले आहे. चित्रफितींमध्ये हे फार लोकप्रिय आहे, कारण फेस छान दिसतो. कोलाचा पीएच साधारण २.५ असतो, त्यात फॉस्फोरिक आम्ल असते. आम्ल काढायला आम्ल! फेस येतो तो कोलातल्या विरघळलेल्या वायूचा. तो खडबडीत फरशीवर ओतला तरी येतो. सोड्याचा फेस आम्ल आहे की संपले ते सांगतो, कोलाचा फेस काहीही सांगत नाही. किटण थोडेफार निघते, पण मागे साखरेचा चिकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. दोन फेसांची तुलना हा वर्गात करण्याजोगा सुंदर प्रयोग आहे. त्यासाठी बॅटरी नको. लिंबाचा रस, सोडा, कोला आणि एक फरशीचा तुकडा पुरे.

सर्वांत जास्त वेळ आम्ही घालवला तो सातव्या सूचनेवर : पाणी कमी असल्यास स्वच्छ, फिल्टरचे पाणी भरावे. ‘स्वच्छ’ हा शब्द इथे घात करतो. पिणाऱ्याच्या दृष्टीने स्वच्छ ते पाणी, ज्यात रोगजंतू नाहीत. बॅटरीच्या दृष्टीने स्वच्छ ते, ज्यात क्षार नाहीत. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. आमच्या शहराला पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून, नाथसागरातून येते, आणि शहराच्या अनेक भागांत ते रोज येत नाही ही वर्षानुवर्षांची कहाणी आहे. मग टँकर आणि कूपनलिका. आमचा खडक बेसाल्ट. त्यातून मुरून आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. गीझरच्या नळीत जमणारा पांढरा थर इथे कोणाला दाखवावा लागत नाही.

आता पेटीत काय होते ते पाहा. भारित होताना आणि उन्हाने जाते ते फक्त पाणी. क्षार मागे राहतात. पुन्हा पाणी भरले की पुन्हा क्षार आले, आणि पेटी कधी रिकामी करून धुतली जात नाही. समजा लिटरला ८०० मिलिग्रॅम क्षार असलेले कूपनलिकेचे पाणी घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत वर्षभरात सहा लिटर घातले. जवळजवळ पाच ग्रॅम क्षार त्या पेटीत कायमचे जमा झाले. त्यात लोखंड असेल तर ते फार खोडसाळ ठरते. लोखंडाचा आयन धन पट्टीजवळ जातो, एक इलेक्ट्रॉन देतो; ऋण पट्टीजवळ येतो, एक इलेक्ट्रॉन घेतो; पुन्हा धन पट्टीकडे. हा हरकाऱ्या दिवसरात्र फेऱ्या मारतो आणि गाडी दारात उभी असताना बॅटरी आपोआप उतरत जाते. क्लोराइड धन पट्टीची जाळी कुरतडते. मग आर. ओ. यंत्राचे पाणी? त्यात क्षार कमी असतात, पण शून्य नसतात, आणि घरगुती यंत्रांपैकी अनेकांत चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळण्याची सोय असते. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी हे ऊर्ध्वपातित पाण्याचे जवळचे नातलग खरे, पण ते तांब्या-ॲल्युमिनियमच्या धुळकट जाळीवरून ओघळत येते, तेही नको. पेट्रोल पंपावर किंवा दुकानात ‘बॅटरीचे पाणी’ म्हणून मिळते ते ऊर्ध्वपातित किंवा क्षाररहित पाणीच घ्यावे, आणि तेही डोळे मिटून नव्हे. काचपट्टीवर नळाच्या, आर. ओ.च्या आणि बाटलीतल्या पाण्याचा एकेक थेंब ठेवून उन्हात वाळवावा. ज्याच्या जागी पांढरे कडे उमटेल ते पाणी बॅटरीत घालू नये. मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेलेला असताना या प्रयोगाला फार वेळ लागत नाही.

पातळी किती? पट्ट्यांच्या वर साधारण दहा ते पंधरा मिलिमीटर, किंवा पेटीवर खूण असेल तिथवर. काठोकाठ भरले की भारित होताना द्रव फुगून बाहेर येतो आणि किटणाची नवी फेरी सुरू होते. कागदात याच सूचनेला जोडून ‘जोर कमी वाटल्यास थोडे ॲसिड घालावे’ असेही म्हटले आहे. हे साफ चूक. उतरलेल्या बॅटरीतले आम्ल नाहीसे झालेले नसते, ते पट्ट्यांवर सल्फेटच्या रूपात बसलेले असते. भारित करताच ते द्रवात परत येते. वरून आणखी आम्ल घातले तर तीव्रता प्रमाणाबाहेर जाऊन पट्ट्यांचे आयुष्य घटते.

या सूचनेवर त्याच विद्यार्थ्याने आमच्या स्नेह्यांना एक प्रश्न विचारला होता, आणि या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट आम्हाला तीच वाटली. “सर, आम्लात पाणी कधीही ओतू नये असे तुम्ही शिकवले. मग बॅटरीत आपण आम्लात पाणी ओततो, ते कसे चालते?” स्नेह्यांनी प्रामाणिकपणे कबूल केले की त्यांना उत्तर देता आले नाही. खरे म्हणजे आपण सारेच हा नियम मंत्रासारखा शिकवतो. त्याचे कारण संहत आम्लात आहे. ९८ टक्के आम्लाची घनता १.८४, त्यावर पाणी ओतले की हलके पाणी वर तरंगते, मीलनाची प्रचंड उष्णता त्या पातळ थरातच निघते, पाणी उकळते आणि आम्ल घेऊन उडते. बॅटरीतले आम्ल ३७ टक्क्यांचे आहे. संहत आम्लाचे इतके विरलन होईपर्यंत त्या उष्णतेचा फार मोठा भाग कारखान्यातच बाहेर पडून गेलेला असतो. उरलेल्या विरलनाने द्रव जेमतेम कोमट होईल. म्हणून नियम मोडत नाही. नियमाची हद्द कोठे संपते ते कळते. मात्र पाणी इथेही वरच तरंगते. पाणी भरल्याबरोबर हायड्रोमीटर घातला तर तो वरच्या पातळ थराचे गुरुत्व दाखवील आणि बॅटरी उतरली असा गैरसमज होईल. आधी गाडी चालवून किंवा बॅटरी भारित करून द्रव मिसळू द्यावा. तापमानाचीही दखल घ्यावी : २७ अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.०००७ मिळवावे. ४२ अंशांच्या दुपारी १.२३० दिसले तर ते १.२४० समजायचे.

हायड्रोजनबद्दल कागदात एकच शब्द आहे : ‘धोका’. किती धोका, ते मोजता येते. फॅरडेच्या नियमाने एक अँपियर-तास जादा विद्युतभार दिला की प्रत्येक घरात सुमारे ०.३४ ग्रॅम पाण्याचे अपघटन होते. सहा घरांत मिळून दोन ग्रॅम, आणि त्यातून आपल्या उन्हाळ्यातल्या खोलीच्या तापमानाला सुमारे पावणेतीन लिटर हायड्रोजन. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत हा वायू पेट घेतो. तीन मीटर लांब, रुंद आणि उंच खोलीत ४ टक्के व्हायला हजार लिटरांहून जास्त हायड्रोजन लागेल. तेवढा एका बॅटरीतून सहसा निघत नाही. पण २०० लिटर मोकळी जागा असलेल्या बंद कपाटात ४ टक्के म्हणजे अवघे ८ लिटर. दोन अँपियरचा जादा प्रवाह दीड तास चालला की काम झाले. २००५ च्या सुमारास महाराष्ट्रात भारनियमन तीव्र झाले तेव्हापासून घरोघरी इन्व्हर्टर आले, आणि दिसायला बरे म्हणून त्यांच्या बॅटऱ्या लाकडी कपाटात कोंडल्या गेल्या. मोटारीच्या बॅटरीपुढे काडी न ओढणारा गृहस्थ या कपाटाशेजारी देवापुढची समई लावतो. बॉनेटखालच्या बॅटरीबाबतही धोका भोकाच्या तोंडाशीच असतो. म्हणूनच दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून गाडी सुरू करताना शेवटचा चिमटा बॅटरीवर न लावता तिच्यापासून दूर, सांगाड्यावर लावतात. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते. ती वायूपासून लांब पडू द्यावी.

बुचे नसलेल्या ‘देखभालमुक्त’ बॅटऱ्यांविषयी थोडक्यात. त्यांच्या जाळीत अँटिमनीऐवजी कॅल्शियम असते, त्यामुळे वायू कमी सुटतो आणि पाणी कमी जाते. त्यांनाही वायू सोडणारे छिद्र असते, म्हणून ठिणगीचा नियम तसाच. झाकण उचकटून पाणी भरण्याचा उद्योग करू नये. वरच्या काचेतला हिरवा ठिपका सहांपैकी एकाच घराची खुशाली सांगतो.

आता कागदात जे नाहीच त्याबद्दल. हातमोजे आहेत, पण डोळ्यांचे नाव नाही. आमच्या मते पहिली सूचना डोळ्यांची हवी : बाजूने बंद असलेला संरक्षक चष्मा, आणि शेजारी भरलेली बादली व तांब्या. आम्ल डोळ्यात गेले तर वाहत्या पाण्याखाली डोळा धरा असे सगळी पुस्तके सांगतात. वाहते पाणी गृहीत धरणारी ती पुस्तके आमच्या शहरात लिहिली गेलेली नाहीत. पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवत राहायचे आहे, आणि मग डॉक्टरकडे जायचे आहे. डोळ्यात किंवा कातडीवर सोडा घालायचा नाही; तो पेटीसाठी आहे. कपड्यावर पडलेला थेंब लगेच धुवावा. सल्फ्युरिक आम्ल उडून जात नाही. पाणी उडते आणि मागे तीव्र आम्ल राहते. आमच्याकडे एक सुती सदरा आहे. कामाच्या दिवशी धडधाकट दिसलेला तो पुढच्या धुण्यात चाळणी होऊन निघाला.

दुसरी गैरहजर गोष्ट म्हणजे शिसे. नववी सूचना किटण कोरड्या तारेच्या ब्रशाने किंवा पॉलिश कागदाने खरवडा म्हणते. कोरडे खरवडले की लेड सल्फेटची धूळ उडते, आणि वाकून पाहणारे मूल ती श्वासाबरोबर घेते. आधी सोड्याच्या पाण्याने भिजवून, ओले असतानाच घासावे. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आणि लहान मुलांचा मेंदू त्याला सर्वांत आधी बळी पडतो. सेनेगलमध्ये डकार शहराजवळच्या थियारोय-सुर-मेर या वस्तीत जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातले शिसे काढण्याचा धंदा चाले. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तिथे अठरा मुले दगावली. एक टर्मिनल पुसण्याची त्याच्याशी तुलना नाही, पण पदार्थ तोच आहे. तेव्हा फडके व ब्रश वेगळे ठेवावे, धुतलेले पाणी तुळशीच्या कुंडीत किंवा भाजीच्या वाफ्यात जाऊ देऊ नये, हात साबणाने धुतल्याशिवाय जेवायला बसू नये. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. ती विक्रेत्याकडेच परत करावी. २००१ च्या नियमांत ही व्यवस्था होती, २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती उत्पादकांवर अधिक काटेकोरपणे टाकली आहे.

राहिलेल्या सूचना ठीक आहेत. सफाईनंतर टर्मिनल कोरडी करून, क्लॅम्प घट्ट बसवून, वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा; आधी नव्हे, कारण व्हॅसलीन विजेचे वाहक नाही. कागदाने क्रम बरोबर दिला आहे. कारण इथेही दिलेले नाही, पण गुण देतो.

कागद आम्ही समासात लाल शाईने भरून परत पाठवला. आमच्या स्नेह्यांनी तो फलकावर लावला नाही. त्या विद्यार्थ्यालाच परत दिला आणि प्रत्येक सूचनेपुढे ‘कारण’ असा रकाना आखून आणायला सांगितले. दिवाळीनंतर नवा कागद आला. अकरा सूचनांच्या आठ झाल्या आहेत. कोला गेला आहे. पहिल्या ओळीत चष्मा आणि भरलेली बादली आहे, आणि त्यापुढच्या रकान्यात त्या मुलाने लिहिले आहे : ‘कारण आमच्याकडे पाणी पाच दिवसांनी येते.’